आतून कडी

चौथ्या वर्षाच्या स्टुडिओत आम्हाला विषय मिळाला होता तो मुंबईत नोकरीसाठी आलेल्या साठ तरुण मुलामुलींसाठी सामायिक निवासाचा. मी तीन आठवडे राबून नकाशे काढले. मधोमध मोठा हॉल, त्यात झोपाळा, वाचायची बैठक, एका अंगाला सगळ्यांचं मिळून एक लांबलचक स्वयंपाकघर. शीटवर ते देखणं दिसत होतं. सरांनी शीट बराच वेळ न्याहाळली, हॉलवर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि विचारलं, "इथे केर कोण काढणार?"

मी म्हणाले, "सगळे मिळून."

"सगळे म्हणजे कोण?"

मला उत्तर देता आलं नाही. सर पुढच्या टेबलाकडे वळले. त्या प्रश्नाने पुढची दोन वर्षं माझी पाठ सोडली नाही. आज नोकरीतही कुठल्या नकाशावर ‘कॉमन एरिया’ असं लिहायची वेळ आली की माझा हात थबकतो.

उत्तर शोधायला मी वरळीच्या बीडीडी चाळीत गेले. मैत्रिणीची आत्या तिथे राहायची. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मधला बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना मिळून मजल्यावर वीस खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. पुस्तकी हिशेबाने हा आराखडा वाईटच. बोळात उजेड येत नाही, हवा खेळत नाही, शौचालयं सामायिक. मी आत्यांच्या मजल्यावर सलग चार रविवार काढले. ज्याच्या दारासमोर बोळाचा जो तुकडा, तो त्याने पुसायचा, असा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण तो फरशीवर वाचता येत होता. दारासमोर पाण्याचं पिंप, चपलांची घडवंची, छोटीशी रांगोळी, आणि तेवढी फरशी लख्ख. जिन्यापाशी कुणाचंच दार नव्हतं, तिथे कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. मी टेप लावला. जिन्याजवळचा तो बेवारस तुकडा साडेसात फुटांचा भरला. माझा अख्खा हॉल त्या तुकड्यासारखा होता.

त्या चाळी पाडून म्हाडा आता रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं देत आहे. ती त्यांच्या हक्काची आहेत. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसांपुढे चाळीतल्या शेजारधर्माचे गोडवे गाणं मला पटत नाही. आत्यांना विचारलं, काय आठवेल? त्या म्हणाल्या, "माणसं आठवतील. रांग नाही आठवायची."

दुसरी शिकवण धोबी तलावला मिळाली. तिथल्या जेर महाल इमारतीत गोव्याच्या गावांचे क्लब आहेत. गोंयकार त्यांना कूड म्हणतात. बोटीवर काम करणारी माणसं मुंबईत आली की बोट मिळेपर्यंत आपापल्या गावच्या क्लबात राहायची. मुक्काम पुरुषांचाच, त्यामुळे मला दिवसा, राखणदार काकांच्या परवानगीने, तासभर बसता आलं. एक लांब दालन, भिंतीकडेने ओळीने पेट्या, समोर अल्तार. एका माणसाची जागा म्हणजे त्याची पेटी आणि रात्री तिच्यापुढे पसरलेली चटई. संध्याकाळी रोझरीला सगळ्यांनी हजर राहायचं, दिवे ठरल्या वेळी मालवायचे. मी वहीत दालनाचं माप घेत होते तेव्हा काका म्हणाले, "त्याचं काय घेतेस? पेटीचं घे."

पेटी तीन फूट बाय पावणेदोन फूट होती. पत्र्याची, कोपरे चेमटलेले, वर पुसट झालेलं गावाचं नाव. आणि कुलूप. त्या दालनात खासगी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती, पण तिला कुलूप होतं, आणि त्या कुलपाच्या भरवशावर बाकीचं सगळं, पंखा, नळ, झोप, प्रार्थना, वाटून घेता येत होतं. मी वाचलेल्या सामायिक निवासाच्या लेखांतून बाग, गच्ची, एकत्र जेवण यांविषयी पुष्कळ लिहिलेलं होतं. कुलपाविषयी कुठे काही वाचल्याचं मला आठवत नाही.

स्वयंपाकघराचाही गिरणगावात गेल्यावर पुनर्विचार करावा लागला. गिरणी कामगारांच्या खोल्यांत दहा-पंधरा माणसं पाळीपाळीने झोपायची, पण त्यांची चूल त्या खोलीत क्वचितच पेटायची. जेवण खाणावळवाल्या बायकांकडे. त्याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे साठ जणांनी एका ओट्यापाशी गुण्यागोविंदाने रांधावं हे माझं चित्र मुंबईने कधी पाहिलेलंच नव्हतं. मुंबईने स्वयंपाक कष्टाचं काम मानला, त्याचे पैसे मोजले आणि तो चालवणारी बाई ओळखीची असेल अशी सोय केली.

मी हॉल पुसून टाकला. साठ जणांचे आठ गट केले, सात किंवा आठ जणांचा एक गट, प्रत्येक गटाला एक छोटा चौक, एक मोरी, एक ओटा. आकडा हवेतून आणला नव्हता. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला जी वसाहत केली, तिथे सात घरं आठ मीटर बाय आठ मीटरच्या एका चौकाभोवती बसवली आहेत, आणि असे तीन चौक मिळून त्याहून मोठा चौक. मी बेलापूरला जाऊन पाहिलं. घरांवर मजले चढलेत, मूळ कौलं बऱ्याच ठिकाणी गेलीत, पण छोट्या चौकांत तुळस आहे, सायकली आहेत, वाळवण आहे. सात घरांत कुणी केर काढला नाही ते सातांनाही कळतं. ज्युरीत मला बरे गुण मिळाले. एका परीक्षकांना वास्तू ‘फार छोट्या छोट्या तुकड्यांची’ वाटली. मला अजूनही ती तशीच बरोबर वाटते.

पाचव्या वर्षी थीसिस निवडायची वेळ आली तेव्हा मी घरचा विषय घेतला. माझं गाव सांगली जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात. वडील साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. दिवाळीच्या सुमाराला कारखान्यामागच्या माळावर कोप्या उभ्या राहायच्या. बांबू वाकवून रोवायचे, वर चटया, पाचट, प्लॅस्टिकचा कागद, आणि पुढचे पाच महिने बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबाचं ते घर. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांची मिळून उचल. पहाटे तीन-चारला टोळी फडात जायची आणि दिवसभर त्या कोप्यांत लहान मुलं आणि कुत्री राहायची. शाळेत जाताना मी तो माळ रोज ओलांडला होता, आत कधी गेले नव्हते. मुंबईतल्या सामायिक निवासासाठी मी वर्ष घालवलं, आणि माझ्या घरापासून अर्ध्या कोसावर, दर हंगामात, शेकडो माणसं ते करत होती.

विषय ठरला तो ऊसतोड कामगारांची हंगामी वसाहत. आणि भिंतींसाठी उसाचाच काही उपयोग करून बघायचा.

गाळलेल्या उसाच्या वजनात साधारण ३० टक्के बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, निघतो. वडिलांच्या ओळखीने चार पोती मिळाली. मी सरळ सिमेंटमध्ये कालवून नऊ इंची साच्यात ठोकळे भरले. दुसऱ्या दिवशी साचा उघडला तर ठोकळा ओला. चौथ्या दिवशीही ओला. सातव्या दिवशी मी अंगठा टेकवला आणि तो नखापर्यंत आत गेला. कडेचा भाग सुटून हातात आला, त्याला आंबूस गोड वास होता. पाणी कमी केलं, सिमेंट वाढवलं, तेच. अकरा ठोकळे परसात ओळीने पडले होते. तेव्हा घराची ओवरी दुरुस्त करायला एक म्हातारे गवंडी येत होते, सगळं गाव त्यांना आण्णा म्हणायचं. त्यांनी एक ठोकळा उचलला, नाकाशी नेला.

"पोरी, सिमिटात साखर कालवून बसलीस व्हय?"

मला वाटलं ते थट्टा करत आहेत. ते अगदी गंभीरपणे बोलत होते. रस काढून घेतला तरी चोथ्यात थोडी साखर उरतेच, आणि सिमेंटच्या वजनाच्या ०.१ टक्का साखरही त्याचं जमणं लांबवायला पुरते. हे रसायन मी नंतर पुस्तकात वाचलं. आण्णांना ते हाताने माहीत होतं. त्यांनी पुढे जे सांगितलं त्यावर माझा थीसिस उभा राहिला. "चुना घे. चुन्याला गोडाचं वावडं न्हाई. आमी गूळ घालूनच मळायचो."

चुन्याची गोष्ट खरोखर उलटी आहे. साखरेच्या पाण्यात चुना नुसत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो, म्हणूनच जुने गवंडी गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालून चुना मळत. त्या साखरेने माझे अकरा ठोकळे वाया घालवले होते, आणि चुन्यात तीच कामाला येणार होती. आण्णांनी कळीचा चुना आणवला आणि ड्रममध्ये विरवला. पाणी खदखदायला लागलं तेव्हा त्यांनी मला हाताला धरून दोन पावलं मागे ओढलं. तीन आठवडे तो निवळ पाण्याखाली मुरला. दरम्यान मी बगॅस चाळला, कारण त्यातला मऊ गाभा पाणी पीत राहतो, कामाचा असतो तो लांब धागा. चाळताना तोंडाला पक्का मास्क. जुन्या, बुरशी धरलेल्या बगॅसच्या धुळीने फुप्फुसाचा आजार होतो, त्याला बगॅसोसिस असं नावच आहे. मग मुरलेला चुना, विटांची सुरखी, चाळलेला बगॅस, सगळं पायाने तुडवून साच्यात. दहाव्या दिवशी ठोकळा उचलला. हलका, कडा शाबूत, बोटाने टिचकी मारली तर सुक्या नारळासारखा बद्द आवाज.

यात नवं काही नव्हतं, आणि ते कळल्यावर मला आनंदच झाला. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेले सापडले आहेत. फ्रान्समध्ये भांगेच्याच दांड्यांचा चुरा चुन्यात कालवून भिंती करतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट लंडनमध्ये बगॅसपासून ‘शुगरक्रीट’ नावाचे ठोकळे केले आहेत. ठोकळ्याची ताकद मात्र बेताचीच. आपल्या मानकात साध्या विटेची किमान ताकद ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरली आहे, माझा ठोकळा तिच्या जवळपासही गेला नाही. छपराचा भार त्याच्यावर टाकणं शक्य नव्हतं. तेव्हा भार बांबूवर घ्यायचा ठरवला. सिंधुदुर्गातला माणगा जवळजवळ भरीव असतो, तो बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवून चौकट करायची आणि मध्ये चार इंच जाडीचं चुना-बगॅसचं भरण. म्हणजे फिरून आपली कुडाचीच भिंत झाली. गोंयकारांची कूड आणि आपला कूड माझ्या वहीत असे एकाखाली एक येऊन बसले.

एका गोष्टीबद्दल मला माझ्याच मताविरुद्ध जावं लागलं. थीसिसच्या पहिल्या पानावर मी ‘टाकाऊतून टिकाऊ’ असं ठळक लिहिलं होतं. वडिलांनी वाचलं आणि म्हणाले, "बगॅस टाकाऊ कुणी सांगितला तुला? बॉयलर कशावर चालतो?" कारखाना बगॅस जाळून वाफ करतो, वीज करतो, उरलेला विकतो. गुऱ्हाळावरचं चिपाड चुलवाणात जातं. आपण शहरातून येऊन ज्याला कचरा म्हणतो तो गावात बहुतेक वेळा कुणाचं तरी सरपण, कुणाचा तरी चारा असतो. मी ते पान फाडलं. तरीही हिशेब जुळत होता, कारण दहा बाय बाराच्या खोलीच्या भिंतींना टनभरही बगॅस लागत नव्हता, आणि दिवसाला ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात रोज सुमारे १,५०० टन निघतो.

नमुन्याचा एक तुकडा, दोन फूट बाय दोन फूट, आणि वसाहतीचं पुठ्ठ्याचं मॉडेल घेऊन मी जानेवारीतल्या एका दुपारी माळावर गेले. मॉडेलमध्ये आठ-आठ कोयत्यांचे चौक होते, बेलापूरसारखे. फडातून परतलेल्या पाच-सहा बायका भोवती जमल्या. एकीच्या मांडीवर मूल, एक वाढ्यांची पेंढी डोक्यावरून उतरवून टेकली. मी चौक समजावून सांगत होते, इथे मुलं खेळतील, इथे संध्याकाळी बसाल. त्यांतल्या वयाने मोठ्या मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, चौक बरा हाय. आंघुळीला आडोसा कुठंय?"

मी शौचालय-न्हाणीघरांची सामायिक ओळ दाखवली, वसाहतीच्या टोकाला.

"तिथं आंधारात जायचं व्हय? आमी तीनला उठतोत. उजाडायच्या आत लुगड्याच्या आडोशाला उरकतोत. कुणी येतं का बघत बसायला एकजण उभी ऱ्हाती." मग त्यांनी मॉडेलमधल्या खोलीच्या पुठ्ठ्याच्या दारावर बोट ठेवलं. "ह्याला कडी कुठून? आतून का बाहेरून?"

मॉडेलला कडी नव्हती. नकाशातही नव्हती. कडी हा बारकावा आमच्या कामात शेवटच्या तक्त्यात येतो, दारं-खिडक्यांच्या यादीत. कोपीला दार नसतं, पडदा असतो. पाच महिने दाराविना झोपलेली बाई मला विचारत होती की तुझ्या घराला आतून कडी आहे का. धोबी तलावची पेटी डोळ्यांपुढे उभी राहिली. मी ती मापासकट वहीत उतरवून घेतली होती आणि तरीही माझ्या नकाशात आणायला विसरले होते.

मावशींनी मग नमुन्याचा तुकडा मांडीवर घेतला. तळव्याने चाचपला, एक कोपरा नखाने खरवडला, चुरा बोटांत चोळून पाहिला. "ह्याच्यावर सारवण धरल का?" मी म्हणाले, चुन्याचा हात द्यायचा. "चुना कुढून आणू? शेणमातीनं लिंपता आलं पायजे. उंदरानं भोक पाडलं तर मुकादम येणार हाय का बुजवायला?" त्यांनी कोपीशेजारची ओली माती आणि शेण आणलं, कालवलं आणि नमुन्याच्या अर्ध्या भागावर पंज्याने ओढलं. पंज्याचे पाच पट्टे वाळले, धरून राहिले. केर कोण काढणार या प्रश्नाचं उत्तर अखेर मला असं मिळालं. जी ते घर आपल्या हाताने लिंपू शकते, ती. मात्र त्याआधी तिला दार आतून लावता आलं पाहिजे.

शेवटच्या नकाशांत मी सामायिक न्हाणीघरांची ओळ काढून टाकली. दोन खोल्यांत मिळून एक न्हाणी, दोन्हीकडून दार, दोन्ही दारांना आतून कडी. त्याने पाइपांचा खर्च वाढला आणि चौक लहान झाला. ज्युरीने खर्चावरून खूप टोकलं. ते टोकणं रास्त होतं, पण मी एकही न्हाणी कमी केली नाही.

पदवी मिळाल्यावर आमच्या गोठ्याशेजारी मी आणि आण्णांनी आठ फूट लांबीची एक भिंत उभी केली. पहिल्या पावसाळ्यात पश्चिमेची झड लागून खालचा दीड फूट ओला राहिला, गिलावा फुगून गळाला आणि आत बगॅस काळा पडला. दोष माझा. जोतं मी नऊ इंचांचं ठेवलं होतं आणि पागोळ्यांचं पाणी उडून भिंतीला लागत होतं. दिवाळीनंतर खालचं भरण काढून दोन फुटांपर्यंत काळा दगड बसवला, छप्पर दीड हात पुढे काढलं. वरचं भरण जसंच्या तसं होतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत बाहेरून आत सावकाश पक्का होत जातो, त्याला महिने लागतात, आणि सिमेंटची सवय झालेल्या आपल्या हातांना तेवढा धीर धरवत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला काही झालं नाही. एका बाजूला चुन्याचा हात आहे, दुसऱ्या बाजूला आईने सारवलं आहे. दोन्ही बाजू टिकल्या आहेत.

मी आता पुण्याच्या एका छोट्या ऑफिसात काम करते. तिथे बंगल्यांचे, शाळांचे नकाशे काढते, आणि सुट्टीच्या दिवशी त्या वसाहतीच्या नकाशांत दुरुस्त्या करते. राज्यात दर हंगामात २००च्या आसपास कारखाने चालू होतात, आणि त्यांच्या मागच्या माळांवर कोप्या उभ्या राहतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारने वसतिगृहांची योजना आणली, कामगारांसाठी महामंडळ झालं, ही चांगलीच पावलं आहेत. माळावरच्या बाईला मात्र अजून आडोसा नाही. ज्या कारखान्याच्या संचालक मंडळाची दहा गुंठे जागा, नळाचं पाणी आणि दोन ट्रॉली बगॅस द्यायची तयारी असेल, त्यांना माझे सगळे नकाशे आणि चुन्याची प्रमाणं मी एक पैसा न घेता देईन. बांधकामाच्या वेळी हंगामभर गावी येऊन राहीन. आण्णा थकलेत, पण त्यांनीही येतो म्हणून सांगितलं आहे. सुरुवात आठ खोल्या आणि चार न्हाण्यांपासून करू. कड्या मी आणून ठेवल्या आहेत.